डबकं आटायलंय हे बेडकाच्या पिल्लाला कळतं कसं?

प्रश्न : सर नमस्कार, आमचं गाव खानापूर तालुक्यात. घरामागं वीटभट्टीसाठी माती काढलेला जुना खड्डा आहे. यंदा मिरगात धो धो झाला आणि तरण्यात पावसानं दडी मारली ती मारलीच. खड्ड्यात काळी कुळकुळीत पिल्लं होती, घोळक्यानं फिरणारी, शेजारच्या आजी कानडीत कप्पे मरी (बेडकाची पिल्लं) म्हणतात. पाणी कमी होतंय बघून पोरानं त्यातली पंधरावीस बादलीत आणून ठेवली. आता गंमत अशी की खड्ड्यातल्यांना पाय फुटून ती बाहेर उड्या मारायलीत आणि बादलीतली अजून शेपटी हलवत बसलीत. खड्ड्यातली दिसायलाही लईच बारीक. एकाच अंड्यांच्या माळेतली ना ही? मग असं का? आणि खड्ड्यात मोटरीनं पाणी सोडू का?

उत्तर : ताई, तुमच्या पोराला माझ्याकडनं शाबासकी द्या, बादली भरून त्यानं नकळत एक प्रयोगच केलाय. पण आधी थोडं पाणी ओततो त्याच्यावर. काळी आणि घोळक्यानं फिरणारी म्हणजे बहुतेक आपला खरखरीत पाठीचा टोड, पावसाळ्यात दिव्याखाली किडे खायला येऊन बसतो तोच, आणि त्याची पिल्लं बाहेर पडतात तेव्हा तशीही चिंचोक्यापेक्षा बारीक असतात, म्हणजे ‘लईच बारीक’ यातलं किती आटण्यामुळं आणि किती जातीनंच, हे मला इथं बसून सांगता येणार नाही. दुसरं असं की बादली पडवीत सावलीला असणार आणि खड्ड्यातलं वीतभर पाणी उन्हानं कोमट. कोमट पाण्यात बेडकांची वाढ तशीच भराभर होते. त्यात बादलीत खायला काय घालताय तेही लिहिलं नाहीत.

पण तुमचा मूळ प्रश्न बरोबर आहे. पाणी आटायला लागलं की काही जातींची पिल्लं खरोखर घाई करतात, नुसत्या उन्हामुळं नाही. सगळ्यात जास्त अभ्यास झालाय अमेरिकेतल्या स्पेडफूट टोडवर, मागच्या पायानं जमीन खोदून आत बसतो तो. वाळवंटात पाऊस पडला की बाहेर येऊन अंडी घालतो आणि त्यांच्यातल्या एका जातीचं पिल्लू आठ-दहा दिवसांत शेपटी टाकून चालू लागतं. आपल्याकडं अंगणवाडीचा दाखला मिळायला याहून जास्त दिवस लागतात. कॅलिफोर्नियाकडच्या जातीवर शास्त्रज्ञ रॉबर्ट डेन्व्हर यांनी 1990 च्या दशकात प्रयोग केले, टाकीतलं पाणी हळूहळू कमी करत नेलं आणि बघितलं की पिल्लाला कळतं कशावरनं. पाणी आटून त्यातलं काहीतरी घट्ट होतं म्हणून नाही, एकमेकांना धक्के लागतात म्हणूनही नाही, तर पोहायला जागा कमी पडते आणि बहुतेक पाण्याचा वरचा थर जवळ येतो, त्यावरनं.

मग आत काय होतं? आपल्याला टेन्शन आलं की मेंदूतनं जो निरोप सुटतो, सीआरएच नावाचं हार्मोन, तेच पिल्लाच्या मेंदूतनंही सुटतं. माणसात ते ताणाचं हार्मोन वाढवतं, बेडकाच्या पिल्लात ते एका दगडात दोन पक्षी मारतं, ताणाचं हार्मोनही वाढवतं आणि थायरॉइडलाही जागं करतं. आणि शेपटी जिरवून पाय वाढवायचा हुकूम थायरॉइडचाच असतो. हे लई जुनं ठाऊक आहे, 1912 साली गुडरनाच नावाच्या शास्त्रज्ञानं पिल्लांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खायला घातली आणि ती वेळेआधीच बेडूक झाली, पण माशीएवढी. ताणाच्या हार्मोनमुळं थायरॉइडचा हुकूम अजून जोरात चालतो, दोघं मिळून काम उरकतात. डेन्व्हर यांनी सीआरएच अडवून बघितलं तर पाणी आटूनसुद्धा घाई कमी झाली.

आता कुणी म्हणेल, मग सगळी पिल्लं पहिल्यापासनंच घाई का करत नाहीत? कारण फुकट काही नाही. लवकर निघालेल्याचं अंग लहान, मागचे पाय आखूड, अंगात चरबी कमी, म्हणजे उडी जवळ पडते आणि ऊन लागलं की लवकर सुकतं. पाणी आहे तोवर खाऊन मोठं व्हावं हाच शहाणपणा. आणि घाईलाही मर्यादा आहे, एका ठराविक आकाराच्या आत असलेल्या पिल्लाला कितीही टेन्शन आलं तरी पाय फुटत नाहीत, ते डबक्याबरोबरच वाळून जातं. माझ्या मते तुमच्या खड्ड्यातही तळाला अशी चिकटलेली दिसतील, पोराला दाखवायची की नाही ते तुम्ही ठरवा.

एवढा धोका असून आई अशाच खड्ड्यात अंडी का घालते, तर आटणाऱ्या पाण्यात मासे टिकत नाहीत. आंबोलीचा छोटा टोड तर त्याहून पुढचा, 2009 साली त्याला नवीन जात म्हणून नाव मिळालं, तो जांभ्याच्या सड्यावरच्या खळग्यात अंडी घालतो, बोटभर पाणी, दोन दिवस पाऊस नाही आला की संपलं. बेळगावातनं इतकी मंडळी पावसाळ्यात आंबोलीला भजी खायला जातात, त्या खळग्यांतनं गाड्या घालतात आणि वर रील काढतात, असो.

मोटरीचं विचारलंत ना. बोअरचं पाणी थोडं सोडलंत तर चालेल, एकदम गार लोट नको. तळ्याचं किंवा नदीचं पाणी मात्र अजिबात नको, त्यातनं माशांची पिल्लं आली तर खड्डा आटलेला परवडला. ज्यांचे पुढचे पाय फुटलेत त्यांना पाण्याची गरजच नाही, त्यांना काठाला ओलं गवत द्या.

प्रश्न : (त्याच ताईंच्या मुलाकडून, वहीच्या पानावर) शेपटी गळून पडते का? बादलीत एकही सापडली नाही.

उत्तर : सापडणार नाही बाळ, पडतच नाही. ती हळूहळू आत जिरते. त्या दिवसांत त्याचं तोंड बदलतं आणि शेवाळ खायचं लांबलचक आतडं आखूड होतं, कारण आता किडे खायचेत, म्हणून ते जेवत नाही आणि शेपटीवरच दिवस काढतं. तुझ्या बादलीत एक दगड तिरका ठेव, अर्धा पाण्याबाहेर. पाय फुटलेल्याला वर चढायला जागा नसली तर ते बादलीतच बुडून मरतं. आणि सगळी निघाली की त्याच खड्ड्याजवळ सोड, दुसऱ्या तळ्यात नको.