‘कर्मचारी’ लिहायचं की ‘खिचडीवाली काकू’?

प्रश्न : ताई नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातला, जिल्हा यवतमाळ, साडेतीन एकर कोरडवाहू वावर आहे. माही बायको मागच्या पोळ्यानंतर आठ दिवसानं गेली, आता वर्षश्राद्ध येऊन रायलं. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिनं 16 वर्ष खिचडी शिजवली. चौथी शिकलेली पण सरांनी नुसतं सांगतलं की आज 62 हजर, की हिचा हिशेब तयार, 6 किलो 200 ग्राम तांदूळ. सुरवातीले किचन शेड नव्हतं, बाभळीखाली तीन दगडाची चूल आणि इंधन म्हणजे आमच्याच वावरातल्या तुराट्या पऱ्हाट्या, मी बंडीनं नेऊन टाकत होतो आणि तसाच वापस येत होतो. आमची दोन्ही पोरं त्याच शाळेत शिकली. पोरगी म्हणते माय वाढताना माह्याकडं पाहायचीच नाई, सगळ्यायएवढंच वाढे. पोरगा तं त्या लायनीत कधी बसलाच नाई, घरी येऊन भाकर खाये.

आता हेडमास्तर म्हणतात शाळेत कार्यक्रम घेऊ, तुम्ही दोन शब्द बोला. पोरगा पुण्याले कंपनीत आहे, तो म्हणते फ्लेक्सवर "शाळेत कर्मचारी" लिहा, खिचडीचं नाव काढू नका, मी शाळेले वॉटर कूलर देतो. पोरगी म्हणते सारा गाव तिले खिचडीवाली काकू म्हणे, तेच लिहा. दोघं फोनवर भांडले, आता बोलत नाईत. मले बोलता येत नाई. लोक म्हणतात प्रेमळ होती मायाळू होती, मी बी तेच बोलू का? आणि खरं सांगतो, मी एकही दिवस तिच्या शाळेत जेवलो नाई, चांगली झाली असं कधी म्हटलं बी नाई.
— एक वाचक

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं, दोन्ही वेळा 6 किलो 200 ग्रामपाशीच थांबले. पाचवीपर्यंतच्या पोराला 100 ग्राम तांदूळ, सहावी ते आठवीला 150, हा सरकारी हिशेब, आणि तुमच्या घरची बाई तो चुलीत फुंकर घालता घालता तोंडी करायची, हे बोला ना. प्रेमळ, मायाळू हे शब्द वाईट नाहीत पण तेरवीच्या दिवशी गावातली प्रत्येकच बाई प्रेमळ असते. माझ्या आईच्या वेळी एक पुढारी आले होते, वीस मिनिटं तिला प्रेमळ प्रेमळ म्हणाले आणि शेवटी नाव घेतलं ते माझ्या आत्याचं, आत्या समोरच बसलेली. रडता रडता हसलो आम्ही सगळे.

बाभूळ सांगा, तुराट्या सांगा, पोरीकडे न पाहता वाढायची ते सांगा. हे दुसऱ्या कोणालाच माहीत नाही. आणि तुमच्या वऱ्हाडीतच बोला, समोर पहिली-दुसरीची पोट्टी मातीत बसलेली असणार, त्यांना "स्वर्गीय सौभाग्यवती" वगैरे काही समजत नाही, पाच मिनिटांच्या वर बोललात तर ती किचनकडेच बघत राहतील.

आता फ्लेक्स. मी पोरीच्या बाजूने आहे हे आधीच सांगते, पण पोराला वाईट ठरवू नका. कागदावर तुमची बायको कर्मचारी नव्हतीच, तिथे "स्वयंपाकी तथा मदतनीस" असतं, आणि मिळतं ते मानधन, पगार नाही. 2009 च्या डिसेंबरपासून महिन्याला 1000 रुपये, ते पण वर्षातले दहाच महिने, उन्हाळ्याच्या सुट्टीत काही नाही आणि आपल्याकडे विदर्भात तर उन्हापायी शाळा उघडते बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपता संपता. पुढे वाढत वाढत राज्यात ते 2500 झालं. सोळा वर्षं राबली आणि कर्मचारी हा शब्द काही मिळाला नाही, तो आता पोरगा फ्लेक्सवर लिहायला निघालाय. त्यात थोडी लाज असेल, शाळेत पोट्ट्यांनी चिडवलं पण असेल त्याला, पण मला त्यात रागही दिसतो आणि तो राग खरा आहे. त्याला एकदा निवांत विचारा की तू लायनीत का बसत नव्हतास, फ्लेक्सचा विषय न काढता. दोघांचं ऐकून मग लिहा : तिचं नाव, गाव, "शाळेच्या खिचडीवाल्या काकू", 16 वर्षं. बस.

खिचडीत कमीपणा कसला हो? आधी पोरं महिन्याला 3 किलो तांदूळ थैलीत घेऊन घरी जायची, तो घरात कोणाच्या पोटात जायचा देव जाणे. 28 नोव्हेंबर 2001 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शाळेत शिजवलेलं गरम अन्न द्या. आता कोर्टाने आदेश दिला पण कोर्ट काही सराटा घेऊन खिचडीच्या गंजापाशी, म्हणजे पातेल्यापाशी, उभं राहिलं नाही, तुमच्या गावात ती उभी राहिली.

राहिलं तुमचं ते शेवटचं वाक्य. त्यावर माझ्याकडे औषध नाही, आणि "तिला कळत होतं" असं मी म्हणणार नाही, मला काय माहीत. एक करा. शाळेत चव रजिस्टर असतं, पोरांना वाढायच्या आधी कोणीतरी चाखून त्यात लिहायचं असा नियम आहे. हेडमास्तरांना म्हणा जुनी रजिस्टरं असतील तर काढा. बऱ्याच ठिकाणी "चांगली" एवढाच शब्द असेल, घाईत लिहिलेला, सवयीने लिहिलेला. तरी बसून चाळा. आणि तो शब्द तुम्ही कधी म्हटला नाही हे चारचौघांत सांगायची हिंमत झाली तर सांगा, नाही झाली तर राहू द्या, कोणी हिशेब मागत नाही.

वॉटर कूलर घ्यायच्या आधी मात्र आता तिथे जी बाई शिजवते तिला विचारा की तुला काय पाहिजे. धुराड्याला पाइप पाहिजे असेल, मोठा गंज पाहिजे असेल. कूलरवर नाव मोठं दिसतं हे खरं, पण लाइट नसली की तो कोपऱ्यात उभा राहतो.

कार्यक्रम ठेवा जेवणाच्या आधी आणि मग पोरांच्या पंगतीत खाली बसा. मुलगा येणारच आहे तर त्याला शेजारी घ्या, मुलीला पलीकडे. ताटं घरून न्या, शाळेत मोजकीच असतात.