परडं थंडीतून उन्हाळ्याकडे नेताना: आलेल्या प्रश्नांची उत्तरं

डिसेंबर-जानेवारीत बेळगाव जिल्ह्यातून परड्याविषयी, म्हणजे घरामागच्या बागेविषयी, आलेले प्रश्न फिरून-फिरून चारच आहेत. खानापूर, निपाणी दोन्हीकडून विचारणा आहे की रोज पाणी घालूनही टोमॅटो-वांगी पिवळी का पडतात. संकेश्वर भागातून मिरचीचा शेंडा आकसल्याची तक्रार आहे. अथणी-रायबागकडच्यांना भेंडी-दोडक्याचं बी उगवत नाही म्हणून दुकानदाराचा संशय आलाय. आणि मोगरा, कढीपत्ता, आंबा यांचं आत्ता काय करायचं, हे सगळेच विचारतात.

रोज पाणी, तरी पानं पिवळी

‘तरी’ नव्हे, रोज पाणी घालता म्हणूनच. आपल्याकडे झाड गोठून मरेल अशी थंडी पडत नाही. पहाटे पारा १२-१४ अंशांपर्यंत उतरतो, दुपारी पुन्हा २८-३० वर जातो. पण रात्रभर गार आणि ओली राहिलेली माती मुळांना हवा मिळू देत नाही. मुळं काम करेनाशी झाली की खालची पानं आधी पिवळी होतात. मग लोक चमचाभर युरिया टाकतात. मुळं तो घेऊ शकत नाहीत, आणि जो थोडा पोचतो त्याने लुसलुशीत शेंडे फुटून मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, जमतो.

पाण्याची वेळ घड्याळाने ठरवू नका, खुरप्याने ठरवा. बुंध्यापासून वीतभर लांब चार बोटं खोल माती उकरून मूठ वळा. काळ्या मातीचा गोळा होत असेल तर आज पाणी नाही. खानापूर-जांबोटीकडच्या तांबड्या मातीचा गोळा बोटाने टिचकी मारताच फुटला तर पाणी द्या. अंदाज हवा असेल तर मीटरभर लांब-रुंद वाफ्याला तांबड्या मातीत दर तीन दिवसांनी १० लिटरची एक बादली, काळ्या मातीत सहा दिवसांनी दोन बादल्या. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापलं की तेवढंच पाणी अनुक्रमे दोन आणि चार दिवसांनी. पाणी सकाळी आठ-नऊला, बुंध्याशी. संध्याकाळी पानांवर मारलेलं पाणी आणि वरून पडणारं दव मिळून करप्याला आमंत्रण देतात, आणि वाफ्यातली कोवळी रोपं जमिनीलगत कुजून आडवी पडतात.

अथणीकडे मात्र दुसराच पिवळेपणा दिसतो. शेंड्याची नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून संध्याकाळी हलकी फवारणी करा. दहा दिवसांनी पुन्हा एकदा. अशा जमिनीत चुलीची राख अजिबात टाकू नये, दुखणं वाढतं. खानापूरच्या आंबट तांबड्या मातीला तीच राख मानवते, वाफ्याला महिन्यातून एक मूठ. शेजाऱ्याने टाकली म्हणून आपणही टाकायची, असं राखेचं नसतं.

न्हाणीघराचं पाणी परड्यात सोडायला हरकत नाही. कपडे धुतलेलं सोड्याचं पाणी नको, काळी माती त्याने चिकट आणि घट्ट होते.

टोमॅटोचा बूड काळा पडून चामड्यासारखा होतो, तो रोग नाही. चार दिवस कोरडं आणि मग एकदम भरपूर पाणी असं झालं की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. काळी पडलेली फळं तोडून टाका आणि पाणी नेमाने द्या. अंड्याची टरफलं या हंगामात उपयोगी पडणार नाहीत, ती कुजायला महिने लागतात.

मिरचीचा शेंडा आकसला

औषध घेण्याआधी पान नीट बघा. पानाच्या कडा वर वळून द्रोण झाला असेल तर फुलकिडे. कडा खाली वळून पालथ्या चमच्यासारखं पान आणि देठ लांबलेला असेल तर कोळी. हा जाळं विणणारा कोळी नव्हे, पानातला रस शोषणारी अगदी बारीक कीड. दोन्हींना आपण सरसकट ‘बोकड्या’ म्हणतो, पण उपाय वेगळे. फुलकिड्यांना निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्याने गाळून एकूण एक लिटर करा, चिमूटभर साबणचुरा मिसळा आणि उन्हं कलल्यावर पानाच्या खालच्या बाजूने फवारा. आठवड्याने पुन्हा. कोळ्यांवर निंबोळीपेक्षा पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक चांगलं चालतं, लिटरला २ ग्रॅम. वाटाण्यावरच्या भुरीलाही (पानांवर पांढरी भुकटी दिसते तो रोग) हेच.

दोन गोष्टी सांभाळा. गंधक आणि कडुलिंबाचं तेल यांत किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर पानं भाजतात. आणि फेब्रुवारीनंतर भर दुपारी गंधक मारू नका. काकडी, दोडका या वेलांना तर ते सोसतच नाही.

शेंडा आकसून पानं बारीक, पिवळट झाली आणि फूलही धरत नसेल तर तो विषाणू. पांढऱ्या माशीने आणलेला. त्याला औषध नाही. ते झाड उपटा.

भेंडी-दोडक्याचं बी उगवलं नाही

दुकानदाराला बोल लावायची घाई नको. भेंडीला उबदार माती लागते. वेळ अमावस्येच्या (मार्गशीर्ष अमावस्येच्या) सुमारास पेरलेलं बी गार मातीत फुगून कुजतं. रथसप्तमीच्या सुमारास, रात्रीची थंडी बोचेनाशी झाली की बी टोका. बी रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल, ठिकाणी दोन दाणे, दोन झाडांत एक फूट. शिरा पिवळ्या पडण्याचा रोग दरवर्षी येत असेल तर अर्का अनामिका ही भेंडीची जात घ्या.

ज्यांना वेल लवकर हवेत त्यांनी जानेवारीच्या मध्यापासून पिशवीत रोपं करावीत. ४ बाय ६ इंचाची पिशवी, खाली तीन-चार भोकं, दोन भाग माती आणि एक भाग चाळलेलं शेणखत. कारल्याचं बी टणक, ते २४ तास भिजवून ओल्या फडक्यात बांधा, मोड दिसला की पिशवीत. पिशव्या घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीलगत, उन्हात ठेवा, रात्री वरून गोणपाट. दोन-चार खरी पानं आली की मातीच्या गोळ्यासकट लावा. मूळ दुखावलं की वेल महिनाभर रुसून बसतो.

उसाचं पाचट सगळ्यांकडे आहे, पण नव्या बियांच्या वाफ्यावर थंडीत पसरू नका. ते ऊन अडवतं आणि माती गारच राहते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात, रोपं वीतभर झाल्यावर, दोन-तीन इंच थर द्या आणि बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा.

मेथी, पालक, कोथिंबीर मात्र आत्ताच घ्या. मीटरभर वाफ्याला मेथी एक चहाचा चमचा पुरे, दाट पेरली की बुडात कुजते. धणे रगडून दोन फाकी करा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, चौथ्या दिवशी वाफा उकरून बघू नका. फेब्रुवारीच्या मध्यानंतर पेरलेली कोथिंबीर पाला कमी देते आणि लगेच तुऱ्यावर येते.

मोगरा, कढीपत्ता, आंबा

मोगऱ्याचं पाणी डिसेंबरभर तोडा. जानेवारीत दीड फुटावर छाटा, सुकलेल्या काड्या बुडातून काढा, झाडाला दोन घमेली शेणखत देऊन भरपूर पाणी द्या.

कढीपत्ता थंडीत वाढतच नाही, त्याला आत्ता खत म्हणजे वाया. संक्रांतीनंतर कोंब हलू लागले की शेंडे खुडा आणि मग एक घमेलं शेणखत द्या.

परड्यातल्या आंब्याला मोहोर येईपर्यंत पाणी नको. मोहोर पूर्ण उमलला असताना कसलीही फवारणी करू नका, मधमाश्या आणि माश्या त्याच वेळी परागीभवन करत असतात. फळं वाटाण्याएवढी झाली की पाणी सुरू करा, पहिली पाळी हलकी. पाच वर्षांच्या झाडाला आठवड्याला चार-पाच बादल्या पुरतात, त्या बुंध्याशी न ओतता फांद्यांच्या सावलीच्या कडेला आळं करून द्याव्यात.