दुसऱ्या इंजिनाचा भरवसा किती? ऑस्ट्रेलियात मल्टि-इंजिन शिकायला येण्यापूर्वी

नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. व्यावसायिक वैमानिकाचा भारतीय परवाना तुमच्या हाती आहे, आजवरचे उड्डाण बहुतांशी एका इंजिनाच्या सेसनावर झाले आहे, आणि आता मेलबर्नला येऊन मल्टि-इंजिन (एकाहून अधिक इंजिनांची विमाने चालवण्याचे) व इन्स्ट्रुमेंट (बाहेर न पाहता केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचे) रेटिंग, म्हणजे परवान्यावरील जादा पात्रता, मिळवावी, पुढे जमल्यास उत्तर ऑस्ट्रेलियात चार्टरची, म्हणजे भाड्याच्या विमानांवरची, नोकरी शोधावी, असा तुमचा विचार आहे. सांगलीत आई-वडील म्हणतात की ही छोटी दोन इंजिनांची विमानेच जास्त पडतात. तुम्ही त्यांना सांगता की एक इंजिन बंद पडले तरी दुसरे असतेच. यात खरे कोणाचे, असा तुमचा प्रश्न आहे. मी मूळचा नाशिकचा आणि येथे मेलबर्नच्या मूराबिन विमानतळावर छोट्या विमानांच्या देखभालीचा परवानाधारक अभियंता आहे. मी वैमानिक नसल्यामुळे माझे उत्तर हँगरच्या, म्हणजे विमाने ठेवण्याच्या व दुरुस्त करण्याच्या शेडच्या, बाजूने आलेले आहे, एवढे लक्षात घेऊन ते वाचावे. माझ्या मते आई-वडिलांची भीती निराधार नाही आणि तुमचे उत्तर अपुरे आहे.

तुम्ही ज्या विमानावर शिकण्याची शक्यता जास्त आहे, त्या पायपर सेमिनोलचेच उदाहरण घेऊ. त्याला १८० अश्वशक्तीची दोन इंजिने असतात. समुद्रसपाटीला, पूर्ण वजनाने आणि दोन्ही इंजिने चालू असताना ते मिनिटाला सुमारे १,३४० फूट चढते. एक इंजिन बंद करून पंखा फेदर केला, म्हणजे पात्यांची धार वाऱ्याकडे वळवली, तर हाच आकडा सुमारे २१२ वर येतो. शक्ती निम्मी गेली, पण चढण्याची क्षमता पाच हिश्शांतून चार हिश्शांहून अधिक गेली, कारण विमान नुसते हवेत सरळ धरून ठेवण्यासाठीच बरीचशी शक्ती खर्ची पडते आणि चढता येते ते उरलेल्या शक्तीवर. हे आकडेसुद्धा नव्या विमानाचे, थंड हवेचे आणि निष्णात वैमानिकाचे आहेत. जानेवारीत येथे पारा चाळिशीला टेकतो तेव्हा जुन्या सेमिनोलकडून त्यातले किती उरत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. जोडीतला एक बैल बसला की गाडी निम्म्या वेगाने पुढे जात नाही, ती बसलेल्या बैलाकडे वळते. विमानाचेही तसेच होते. ते वळणे रडरने, म्हणजे पायाने हलवायच्या शेपटीवरील उभ्या पट्टीने, थोपवावे लागते आणि रडरला जोर मिळतो तो अंगावरून वाहणाऱ्या हवेचा. वेग एका मर्यादेखाली गेला की पूर्ण रडर दाबूनही नाक सरळ राहत नाही आणि विमान बंद इंजिनाच्या बाजूला कलंडते. ही मर्यादा वेगदर्शकावर लाल रेषेने दाखवलेली असते; सेमिनोलमध्ये ती ५६ नॉट्सवर आहे. एका इंजिनावर सर्वांत चांगले चढता येण्याचा वेग निळ्या रेषेने दाखवतात, तो ८८ नॉट्स. मात्र लाल रेषेचा आकडा ठरावीक परिस्थितीत काढलेला असतो. चालू इंजिनाच्या बाजूला थोडा कल ठेवला नाही, तर प्रत्यक्षातील मर्यादा त्या रेषेच्या बरीच वर असते, हे पुस्तकात असूनही अनेकांच्या मनात मुरलेले नसते.

अमेरिकेत टेक्सासमधील अ‍ॅडिसन येथे ३० जून २०१९ रोजी किंग एअर ३५० हे विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच एका हँगरवर कोसळले आणि त्यातील दहाही जण गेले. डाव्या इंजिनाची शक्ती घटली होती, त्यामुळे उजवा रडर हवा होता. तपासात आढळले की सुरुवातीला डावा दाबला गेला. अशा वेळी हातात मोजके सेकंद असतात. म्हणूनच ‘जो पाय रिकामा (ज्याला रडर दाबावा लागत नाही), ते इंजिन बंद’ हा पडताळा आधी पायाने, मग थ्रॉटलने, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या दांडीने, आणि नंतरच फेदर, असा क्रम येथे घोटून घेतात. सेमिनोलबाबत आणखी एक बारकावा सांगतो, कारण तो आम्ही हँगरमध्ये हाताने पाहतो. पंख्याच्या हबमध्ये छोट्या पिना असतात. इंजिनाचे फेरे मिनिटाला साधारण ९५० च्या खाली गेले की त्या आत सरकून पाती अडवतात, जेणेकरून जमिनीवर इंजिन बंद करताना पंखा फेदर होऊ नये. हवेत इंजिन मरू लागले आणि फेदर करायला तुम्ही उशीर केला, तर याच पिना तुमच्या विरुद्ध उभ्या राहतात आणि तो पंखा ब्रेकसारखा वारा अडवत राहतो.

आता आई-वडिलांना कदाचित ठाऊक नसेल अशी गोष्ट. या प्रसंगाची तयारी करतानाही माणसे दगावली आहेत. दक्षिण ऑस्ट्रेलियातील रेनमार्क येथे ३० मे २०१७ रोजी सेसना ४४१ कॉन्क्वेस्टमध्ये एका वैमानिकाची चाचणी चालू होती. उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडल्याचा सराव ठरवून सुरू केला गेला. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा ब्यूरोच्या, म्हणजे एटीएसबीच्या, अहवालानुसार विमानाला अपेक्षित वेग किंवा चढ मिळाला नाही, तरी सराव थांबवला गेला नाही आणि सुमारे ४० सेकंदांनी ताबा सुटला. विमानाच्या पुस्तिकेत हा सराव ५,००० फूट उंचीवर करावा अशी शिफारस होती. तो झाला त्याच्या कितीतरी खाली. तिघे गेले, त्यांपैकी एक नियामक संस्थेचे निरीक्षक होते. अनुभवी माणसे कॉकपिटमध्ये आहेत म्हणून सराव निर्धोक होतो असे नाही. ‘आता पुरे’ म्हणून दोन्ही थ्रॉटल पुढे सारायची उंची आणि वेग आधी ठरलेले असावे लागतात.

इंजिनांचा काहीच दोष नसतानाही विमान पडते, हे एसेंडनने दाखवले. २१ फेब्रुवारी २०१७ च्या सकाळी मेलबर्नच्या एसेंडन विमानतळावरून किंग आयलंडला निघालेले किंग एअर बी२०० हवेत गेल्यावर डावीकडे घसरत शेजारच्या खरेदी संकुलावर आदळले. वैमानिक आणि चार प्रवासी मृत्युमुखी पडले. तपासाचा निष्कर्ष असा, की रडर ट्रिमचे, म्हणजे रडरला एका बाजूला कायम कल देऊन ठेवणारे, चाक पूर्ण डावीकडे राहिले होते आणि उड्डाणापूर्वीच्या तपासणी यादीत ते पकडण्याच्या अनेक संधी होत्या. विमान कमाल वजनापेक्षा सुमारे २४० किलो जड होते. अपघातात त्याचा वाटा असण्याची शक्यता एटीएसबीला कमी वाटली, तरी लोड शीटकडे, म्हणजे वजनाच्या हिशेबाच्या कागदाकडे, पाहण्याची वृत्ती त्यातून दिसतेच. दोष शोधायला निघालेले लोक बहुधा इंजिन आधी उघडतात. मीही तेच केले असते. येथे दोष होता तो हाताने फिरवायच्या एका लहानशा चाकाचा.

तुमच्या आईच्या मनात बहुधा घाटकोपर असावे. २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणीसाठी निघालेले, दीर्घकाळ न उडालेले किंग एअर सी९० भर वस्तीत पडले, आतील चौघे आणि रस्त्यावरचा एक जण गेला. त्या चौघांत दोन जण देखभालीच्या कामातले होते, म्हणून ती बातमी आमच्या व्यवसायातील कोणी विसरत नाही. उभे राहून राहून विमान बिघडते. रबराचे सील वाळतात, टाकीत पाणी साचते, नळ्यांमध्ये गांधीलमाश्या घरे करतात. स्वस्तात मिळणाऱ्या तासांमागे असे अधूनमधूनच उडणारे विमान आहे का, हे विचारण्यात संकोच करू नका.

इंधनाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण दोन इंजिने असली तरी चूक एकच पुरते. अमेरिकेत इंडियानातील कोकोमो येथे ५ ऑक्टोबर २०१९ रोजी पायपर एरोस्टार या पिस्टन इंजिनांच्या विमानात अ‍ॅवगॅसऐवजी, म्हणजे पिस्टन इंजिनांच्या विमानी पेट्रोलऐवजी, जेट इंधन भरले गेले आणि उड्डाणानंतर थोड्याच वेळात ते कोसळून वैमानिक मरण पावला. जेट इंधनाच्या नळीचे तोंड मुद्दाम रुंद केलेले असते. ते टाकीच्या तोंडात बसेना, म्हणून कर्मचाऱ्याने तिरके धरून भरले आणि सुरुवातीला थोडे सांडलेही. येथे ऑस्ट्रेलियात तर एकाच विमानतळावर अ‍ॅवगॅसवर चालणारे सेमिनोल आणि जेट इंधनावर चालणारे डायमंड डीए-४२ शेजारी उभे असतात. इंधन भरताना स्वतः उभे राहा. निथळून घेतलेल्या नमुन्यात अ‍ॅवगॅस निळसर दिसले पाहिजे. शंका आल्यास पांढऱ्या कागदावर थेंब टाका, अ‍ॅवगॅस उडून जाते आणि जेट इंधनाचा तेलकट डाग राहतो. उत्तरेत सहायक टाक्या असलेले सेसना ३१० किंवा ४०२ वाट्याला आले तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्यांत सहायक टाकीतून इंजिनाने घेतलेले जास्तीचे इंधन मुख्य टाकीत परतते. मुख्य टाकी भरलेली असतानाच सहायक टाकी सुरू केली, तर परतलेले इंधन बाहेर सांडते आणि तुमच्या हिशेबातील तास कमी होतात, म्हणून आधी मुख्य टाकीत जागा करावी लागते.

दोन्ही इंजिने एकाच उड्डाणात जातात का? क्वचित, पण जातात. ३१ मे २००० रोजी अ‍ॅडलेडहून व्हायल्ला येथे जाणारे पायपर चीफटन रात्री स्पेन्सर आखातात उतरवावे लागले आणि आठही जण गेले. एटीएसबीच्या मते डाव्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा) तुटला आणि एकट्यावर भार पडलेल्या उजव्या इंजिनाच्या पिस्टनला भोक पडले. इंधनाचे मिश्रण फार पातळ ठेवण्याच्या पद्धतीकडे ब्यूरोने बोट दाखवले. पुढे कॉरोनरने, म्हणजे मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याने, ही कारणमीमांसा पूर्णपणे मान्य केली नाही आणि क्रँकशाफ्टच्या धातूतील दोषाकडे लक्ष वेधले. मला त्यातून घ्यावेसे वाटते ते इतकेच, की दोन इंजिने एकाच कंपनीची, एकाच हाताने चालवलेली आणि एकाच दप्तराने सांभाळलेली असतात, तेव्हा ती एकमेकांपासून स्वतंत्र आहेत हे गृहीत धरता येत नाही.

शेवटचा प्रकार धडकेचा. मँगलोरजवळ १९ फेब्रुवारी २०२० रोजी दोन दुहेरी इंजिनांची विमाने हवेत एकमेकांवर आदळली आणि दोन्हींतील मिळून चौघे गेले. हे मँगलोर कर्नाटकातले नव्हे, व्हिक्टोरिया राज्यातले आहे आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी तुम्हीही बहुधा तेथेच जाल. एक सेमिनोल होते, दुसरे बीचक्राफ्ट ट्रॅव्हल एअर. दोन्हींवर प्रशिक्षण किंवा मूल्यमापन चालू होते. नियंत्रकाने दोघांना एकमेकांची माहिती दिली होती, परंतु त्या अवकाशात अंतर राखण्याची जबाबदारी वैमानिकांचीच असते आणि त्यांच्यात थेट रेडिओसंवाद झाला नाही. समोरच्या विमानाचा एडीएस-बी संदेश (विमान स्वतःची जागा रेडिओवरून आपोआप कळवते तो) घेणारे साधन असते तर इशारा बराच आधी मिळाला असता, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. म्हणून तुमच्या शाळेच्या विमानांत ते आहे का, हा माझा पहिला प्रश्न असेल.

पुढचे प्रश्न असे विचारा. इंजिन बंद करण्याचा सराव किती उंचीखाली करत नाहीत आणि ते लिहून ठेवले आहे का? उड्डाणानंतरचा बिघाड सिम्युलेटरवर शिकवतात की फक्त विमानात? एका विमानामागे किती विद्यार्थी आहेत, आणि दोष नोंदवल्यावर ते दुरुस्त होईपर्यंत उड्डाण खरोखर थांबते का? हे शेवटचे कार्यालयात विचारू नका, तेथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारा. मल्टि-इंजिनचे तास महाग असल्यामुळे किमान तासांतच परीक्षा उरकण्याचा मोह शाळेला आणि विद्यार्थ्याला दोघांनाही असतो. पाच-सात तासांचे पैसे जास्तीचे बाजूला ठेवूनच या.

व्हिसाचे थोडक्यात सांगतो. विद्यार्थी व्हिसासाठी शाळेचा अभ्यासक्रम क्रिकॉस, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांसाठी मान्य अभ्यासक्रमांच्या सरकारी, नोंदणीत असावा लागतो, आणि शिक्षण संपले म्हणजे नोकरीचा हक्क मिळाला असे होत नाही. उत्तरेकडे, डार्विन किंवा कुनुनुरा येथे, भरती बहुधा कोरडा हंगाम सुरू होण्याच्या सुमारास होते, आणि काम करण्याची कायदेशीर परवानगी नसेल तर तासांची वही कोणी उघडूनही पाहत नाही. तो भाग पक्का असल्याशिवाय घरावर कर्ज काढू नका.

एटीएसबीचे अहवाल सर्वांना विनामूल्य वाचता येतात. एसेंडन आणि रेनमार्कचे दोन तरी येण्यापूर्वी सावकाश वाचा, आणि आई-वडिलांना त्यांचा सारांश मराठीत सांगा. शाळेचा करार आल्यावर पाठवलात तर त्यातील विमाने आणि देखभाल यांविषयीची कलमे मी पाहून कळवीन.