लॅब्राडॉरकडून सरपण ओढवून घ्यायचं असेल तर

तुमचं विचारणं थोडक्यात असं: दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत छाटणीच्या काड्या आणि बांधावरचं वाळलेलं लाकूड पडून असतं. ते बंबासाठी घरापर्यंत आणायला तीन वर्षांचा लॅब्राडॉर जुंपता येईल का, जोडीला दहा महिन्यांची हस्की (बर्फातल्या गाड्या ओढणारी जात) चालेल का, आणि बर्फ नसताना घसरगाडी, म्हणजे बिनचाकांची घसटत जाणारी गाडी, ओढता येते का. लॅबला खुशाल जुंपा. हस्कीला आत्ता नको. घसरगाडी आपल्या मातीवरही चालते, पण व्हिडिओत दिसतं तेवढं ओझं मनात धरू नका. बर्फावर लाकडी धाव (गाडीखालची लांब पट्टी) सरकते, ढेकळांवर ती रुतते.

ओढायला कुत्र्याला फारसं शिकवावं लागत नाही, ते त्याच्या अंगातच असतं. शिकवायचं असतं ते थांबणं, मागे खरखरणाऱ्या वस्तूला न घाबरणं आणि जुंपलेलं असताना गप उभं राहणं. यातलं एक जरी कच्चं राहिलं तर समोरून मांजर गेलं की लाकडासकट कुत्रा उसात.

तुमच्या लॅबला पट्ट्यावर ‘ओढायचं नाही’ असं शिकवलेलं असणार. मग आता उलटं कसं सांगायचं, ही शंका बऱ्याच जणांना येते. यावर उपाय अंगावरच्या साजाचा. गळ्यात पट्टा म्हणजे शेजारी चालायचं, अंगात हार्नेस म्हणजे पुढे होऊन ओढायचं. कुत्र्यांना हा फरक चटकन कळतो, अट एवढीच की घरातल्या कुणीही हार्नेसला दोरी लावून त्याला साधं फिरायला न्यायचं नाही. गळ्यातल्या पट्ट्याला मात्र कधीही वजन बांधू नका, श्वासनलिका दबते. बैलासारखं मानेवर जू घेण्याची कुत्र्याची ठेवण नाही. त्याचा जोर छातीच्या हाडावरून आणि मागच्या पायांतून येतो.

म्हणून हार्नेसचा पुढचा भाग छातीच्या मधल्या हाडावर बसला पाहिजे, गळ्यावर नको आणि खांद्याच्या सांध्यावर आडवाही नको. दुकानात मिळणारे फिरायचे हार्नेस बहुतेक खांद्यावरून आडवे जातात, ते या कामाचे नाहीत. बॅगा शिवणाऱ्याकडून दोन इंची नवारेचा करून घ्या, आतून जाड सुती अस्तर लावा. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जावीत, पुढच्या पायाच्या कोपरामागे चार बोटं जागा मोकळी राहावी. दोन्ही बाजूंच्या दोऱ्या मागे एका आडव्या काठीला बांधायच्या आणि काठीच्या मधोमध गाडीची दोरी. त्यामुळे चालताना खांदे आळीपाळीने हलले तरी साज घासत नाही. गाडीची दोरी पाचसहा फूट ठेवा, नाहीतर ओझं मागच्या पायांवर आदळतं. दोरीत सायकलच्या ट्यूबचा हातभर तुकडा गाठवला की सुरुवातीचा हिसका ट्यूब खाते. काम झाल्यावर काखा आणि छाती बोटांनी केसांच्या उलट दिशेने चाचपायची. केस तुटलेले किंवा कातडी गरम लागली तर साज चुकीचा बसतोय.

गाडी म्हणून टोमॅटोचं प्लॅस्टिक क्रेट उत्तम. तळाला मात्र जाळी असते, तिच्यात खडे अडकतात. पाण्याच्या जाड पाइपाचा तुकडा उभा चिरून त्याच्या दोन पट्ट्या धावांसारख्या क्रेटखाली तारेने आवळा, पुढची टोकं थोडी वर वळवा. काड्यांची मोळी क्रेटपेक्षा लांब होते, ती मागे लोंबू द्या, पुढे येऊ देऊ नका.

आता शिकवण्याचा क्रम. आधी हार्नेस घालून नुसतं जेवण द्यायचं. मग मोकळी दोरी मागे फरफटत फिरवायची. खरी परीक्षा आवाजाची. रिकामं क्रेट मुरमावर जे खडखडतं ते माणसालाही कर्कश लागतं. म्हणून आधी क्रेट तुम्ही ओढा, कुत्रा घरातल्या दुसऱ्या कुणाबरोबर दहा हात लांबून चालू दे. कान मागे पडले, शेपटी खाली गेली की अंतर वाढवा. तो वास घ्यायला स्वतःहून क्रेटजवळ आला की खाऊ. मग क्रेट त्याच्या बाजूने, मग मागून, आणि सगळ्यात शेवटी त्याला जोडलेलं, तेही गवतावर. आमचा खंड्या गावठी, बावीस किलोचा. फटाक्यांना न घाबरणारा हा गडी क्रेटच्या आवाजाला मात्र कितीतरी दिवस पाठ देईना. घाई करून चालत नाही. एकदा का ओझं आपला पाठलाग करतंय असं कुत्र्याच्या डोक्यात बसलं की ते काढायला महिने जातात.

शब्द चारच ठेवा: निघायला, थांबायला, डावीकडे, उजवीकडे. बैलांना थांबवतात तसा लांबवलेला ‘होऽऽ’ कुत्र्यालाही छान कळतो. शब्द कुठलेही चालतील, पण घरात सगळ्यांनी तेच वापरायचे. ‘हो’ म्हटल्यावर दोरी सैल सोडून उभा राहिला तरच खाऊ. हे रिकाम्या क्रेटवर पक्कं झाल्याशिवाय एकही काडी भरू नका.

वजनाचं म्हणाल तर तीस किलोच्या लॅबला क्रेट धरून तीन किलोपासून सुरुवात करा आणि ओढत न्यायचं ओझं दहाच्या वर नेऊ नका. चाकांची गाडी असेल तर सपाट, टणक रस्त्यावर गाडीसकट त्याच्या वजनाइतकं चालतं. पण चढाचा हिशोब धरा: दहा फुटांत एक फूट चढ म्हणजे तीस किलोच्या गाडीला तीन किलोचा जादा ओढा. उताराला तर चाकाची गाडी कुत्र्याच्या टाचांवरच चढते. तिला दांड्या हव्यात, किंवा मागून ब्रेक धरायला माणूस हवा. घसरगाडी आपोआप थांबते, म्हणून नवख्याला तीच बरी. बागेच्या ओळीत तर जुंपूच नका. ठिबकच्या नळ्या आणि ओळीच्या टोकाच्या ताणाच्या तारा यांत दोरी गुंतते. मोळ्या तुम्ही बांधापर्यंत आणा, कुत्र्याचं काम बांधापासून घरापर्यंत.

आपल्याकडे खरी अडचण वजनाची नाहीच, उन्हाची आहे. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच थंड होतो. शांत असताना त्याचं तापमान ३८ ते ३९ अंश. ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. ऑक्टोबर छाटणी नेमकी ऑक्टोबर हीटमध्ये येते आणि ओल्या काड्या जडही असतात. त्या तेव्हा नुसत्या बांधावर रचून ठेवा. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या यायला लागल्या की बाहेर काढा. तोवर काड्या वाळून हलक्या झालेल्या असतात. डिसेंबर-जानेवारी हाच हंगाम. एप्रिलच्या खरड छाटणीचं सरपण ट्रॅक्टरनेच येऊ द्या. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबली, हिरड्या गडद लाल झाल्या, लाळ चिकट झाली किंवा चाल डगमगली तर तिथेच साज सोडा, सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच डॉक्टर गाठा.

गारव्यासाठी पहाटे काम काढावं असं कुणीही सुचवेल. नाशिक, निफाड, सिन्नर, दिंडोरी या पट्ट्यात मी ते सुचवणार नाही. पहाट आणि तिन्हीसांज या बिबट्याच्या वेळा, आणि दोरीला बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही. थंडीत सकाळी आठ-साडेआठला, ऊन नीट पडल्यावर निघा. लाकडाचा ढीग आधी काठीने हलवा, खाली घोणस किंवा विंचू असू शकतो. सराटे आणि बाभळीच्या काट्यांसाठी परतल्यावर पंजे बघा, कानांत गोचीड बघा.

बागेचे आणखी दोन धोके आहेत. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी असतात, त्याने मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. कुणाला थोडक्यानेही होतं, त्यामुळे ‘एवढ्याशा मण्यांनी काय होतंय’ म्हणू नका. दुसरं म्हणजे छाटणीनंतर काडीवरचे डोळे (कोंब) फुटायला तिला हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावतात. त्या दिवसांत कुत्रा बागेत नकोच. हंगामभर काड्यांवर औषधं बसलेली असतात, म्हणून त्या तोंडात धरून आणायचा खेळ शिकवू नका. लॅबला ते फार आवडतं, पण काडी ओढायची, चावायची नाही.

तुमचे घरचे म्हणत असतील, हा छळ आहे. त्यांचा आक्षेप उडवून लावू नका. लंडनमध्ये कुत्र्यांच्या गाड्यांवर १८३९ च्या कायद्याने बंदी आली, त्यामागे अशीच ओझ्याने दमवलेली कुत्री होती. दुसरीकडे न्यूफाउंडलंडची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या सरपण ओढत आली. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जादा ओझं लादणं आणि लंगड्या, जखमी जनावराला कामाला लावणं हा गुन्हा आहे. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत, त्यांत बैल, घोडे, उंट यांची वजनं ठरवून दिली आहेत. कुत्र्याचं नावच नाही. पण ३७ अंशांच्या वर तापमान जातं तिथे दुपारी १२ ते ३ काम नको, हे त्यातलं कलम बैलाला लागतं तर कुत्र्याला आधी लागावं. माझी कसोटी सोपी आहे: साज खुंटीवरून काढला की तो धावत आला पाहिजे. नाही आला तर त्या दिवशी काम नाही.

आता हस्कीचं. मोठ्या कुत्र्यांची हाडं दीड वर्षापर्यंत पक्की होत असतात, तोवर वजन नाही. हार्नेस घालून ‘होऽऽ’ मात्र आत्तापासून शिकवा. पुढेही थंडीच्या दोन महिन्यांपलीकडे तिच्याकडून अपेक्षा नको. जात ओढणारी म्हणून ती इथे जास्त ओढेल असं नाही. अलास्कातल्या शर्यतींतले बहुतेक कुत्रे दिसायला साधे, मिश्र जातीचे, वीस-पंचवीस किलोचेच असतात, गुण हाडापेरात आणि हौसेत असतो. उन्हाळ्यात तिचे केस भादरू नका, दुहेरी केसांच्या जातीला त्याने उलट त्रास होतो. विंचरून आतली लव काढा. आणि लॅबला जुंपण्याआधी खुब्यांचा एक्स-रे काढून घ्या. या जातीत खुब्याचं दुखणं बरंच आढळतं, आणि ते निघालं तर क्रेट टोमॅटोलाच ठेवा.