आधी तळ बघ

प्रिय पोरी,

तुझी मेल तीनदा वाचली. कॅनडातल्या विनिपेगच्या कौमायुकमधल्या, म्हणजे आर्क्टिकमधल्या इनुइट लोकांच्या कलेच्या संग्रहालयातल्या, त्या तीन मजली काचेच्या तिजोरीसमोर, हजारो कोरीव दगडांकडे बघत उभी राहिलीस आणि गोंधळलीस, हे फार बरं झालं. सेडना ही समुद्रदेवी समजते, घुबड समजतं, पण अ‍ॅनी पूटूगूक या इनुइट चित्रकर्तीनं काढलेला टीव्ही, किराणा, बायकोला मारणारा पुरुष हे 'अस्सल इनुइट' कसं, असं विचारतेस. निबंधात घ्यावं की गाळावं?

गाळलंस तर माझ्याशी बोलू नकोस.

रागावले नाही गं. तुझ्या वयात मीही अस्सलच शोधत होते. तिथल्या एका संग्रहालयात नोंदवहीचं काम करायचे. समोर आलेल्या दगडी सीलला मी लिहिलं, 'अज्ञात कलाकार, आदिम श्रद्धेचं प्रतीक.' अज्ञात कसला! तळाशी नाव खोदलेलं होतं, त्रिकोण आणि आकड्यांसारख्या वळणांच्या त्यांच्या लिपीत. मी दगड उलटा केलाच नव्हता. तेव्हा इंटरनेट नव्हतं, लिपी शिकवणारं कुणी नव्हतं, वरिष्ठांची घाई होती, हे सगळं खरं आहे. पण दगड उलटा करायला इंटरनेट लागत नाही.

म्हणून एवढंच सांगते: आधी तळ बघ. प्रतीक, पुराण, आत्मा वगैरे नंतर.

तळाशी कधी नावाऐवजी आकडा सापडेल. १९४१पासून कॅनडा सरकारनं इनुइट माणसांना नंबरांच्या गोल चकत्या दिल्या. त्यांची नावं कारकुनांना लिहिता येत नव्हती, म्हणून. काही शिल्पकारांनी तोच नंबर दगडावर कोरला. हे कळलं, की 'निसर्गपुत्रांची निरागस कला' असलं वाक्य तुझ्या हातून लिहिलं जाणार नाही. माझ्या हातून लिहिलं गेलं होतं, छापूनही आलं.

तळ बघितलास की गाव कळतं, आणि गाव कळल्याशिवाय गोष्ट कळत नाही. तू सरसकट 'सेडना' लिहितेस. नेत्सिलिक या इनुइट गटात ती नुलियायुक, इग्लूलिक गावाकडे ताकान्नालुक. बापानं होडीवरून ढकललं, ती काठ धरून राहिली, त्यानं तिची बोटं छाटली आणि त्या तुकड्यांचे सील, वॉलरस झाले, हे तू लिहिलंस. पुढचं सोडलंस. बोटं नाहीत म्हणून तिला स्वतःचे केस विंचरता येत नाहीत. माणसांनी पाळायचं ते पाळलं नाही, की त्याचा मळ तिच्या केसांत साचतो, गुंता होतो आणि शिकार मिळेनाशी होते. मग अंगाक्कुक, म्हणजे त्यांचा मांत्रिक, समुद्रतळाशी जातो आणि तिचे केस विंचरतो. उपाशी गावाला वाचवायला तो भाला घेऊन जात नाही, तिची वेणीफणी करायला जातो! हे वगळून नुसती माशाच्या शेपटीची बाई राहते.

आणि बेकर लेकच्या दगडात सीलऐवजी कॅरिबू, म्हणजे तिकडचा रानटी रेनडिअर, का भेटतो? कारण ते गाव समुद्रापासून आत आहे. कुणी प्रतीक निवडायला बसलेलं नसतं, समोर येतं ते कोरतात.

केनोयुआक अशेवाक या चित्रकर्तीचं ते प्रसिद्ध घुबडाचं छापचित्र १९६०चं. किनगाइटमध्ये, म्हणजे तेव्हाच्या केप डॉर्सेटमध्ये, दगडावर कोरून पन्नास ठसे काढले, पंचवीस लाल शेपटीचे, पंचवीस हिरव्या. चित्र काढणारी एक, दगड कोरणारे दुसरे. कागदाच्या कडेचे छोटे शिक्के नीट बघ. लोक तिला अर्थ विचारत राहिले. आपण मनातून आकार काढतो, तो देखणा व्हावा एवढंच बघतो, असं ती सांगत राहिली. मीही अर्थच शोधला, चार पानं लिहिली. वाईट नव्हती ती पानं, आजही म्हणेन. फक्त त्यांत ती कुठेच नव्हती.

त्यांच्या भाषेत कोरीवकामाला 'सनन्गुआक' म्हणतात. 'सना' म्हणजे घडवणं आणि तो 'न्गुआक' म्हणजे आपल्या भातुकलीतल्या भातासारखा: खरा नव्हे, खऱ्याचं रूप. आता सांग, टीव्ही खरा नाही का? अ‍ॅनीची आजी पित्सिओलाक अशूना. तिनं तंबूतले, स्थलांतराचे दिवस काढले, कारण ते ती जगली होती. आई नपाची हिनं आपल्या काळातलं काढलं, त्यात बायकांचं दुःखही आलं. नातीच्या घरात टीव्ही होता. २००६मध्ये तिला कॅनडातला सोबी कला पुरस्कार मिळाला, तेव्हाही लोक हेच विचारत होते, जे तू विचारतेस. आजीचा तंबू अस्सल आणि नातीची खोली नकली, हे ठरवणारे आपण कोण? सदाशिव पेठेत फ्रिज आला म्हणून आपण मराठी राहिलो नाही का?

फार बोलले. तू पाठवलेल्या फोटोतलं अस्वल छान आहे, पण समोरूनच काढलाय. उलटं करून काढ आणि पाठव. अक्षरं एकेक लावून वाचू. मला वेळ लागतो.

माझ्याकडेही एक छोटा सील आहे, तिथून येताना विकत घेतलेला. फळीला ओरखडे पडू नयेत म्हणून मीच त्याच्या तळाला हिरवं फेल्ट चिकटवलं होतं. गेल्या महिन्यात ते सोलून काढलं. अक्षरांच्या खाचांत गोंद घट्ट बसलाय. रोज दुपारी टाचणीनं उकरते. दोन अक्षरं मोकळी झालीत.

तुझी,
मावशी