वाचकांचे प्रश्न : पाठ झालेली प्रार्थना

प्रश्न : आमचा सात वर्षांचा मुलगा प्रभूची प्रार्थना घडाघडा म्हणतो, पण त्याचे मन तिच्यात नसते. काय करावे? (एक आई, नवापूर)

उत्तर : ताई, पाठांतराला कमी लेखू नका, ‘आम्हाला प्रार्थना करायला शिकव’ अशी एका शिष्याने विनंती केल्यावर येशूने शिष्यांनाही या प्रार्थनेचे शब्दच दिले, असे बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायात आहे. मात्र रोजच्या भाकरीची ओळ आली की थांबा, आणि तव्यावर फुगणारी कळण्याची भाकरी दाखवून, ती कोणाच्या कष्टातून आली व शेजारी आज कोणाची चूल पेटली नाही, हे त्यालाच विचारा. तिथे भाकरी त्याच्याच हातून पोहोचवा. क्षमेची ओळ अवघड आहे (खरे तर मोठ्यांनाही). उगाच रागावलात, तर आधी तुम्ही त्याची माफी मागा.