जावेचं कौतुक करायला गेले आणि ती गप्पच झाली

श्रीरामपूरच्या एका ताईंचं पत्र आलंय. त्या जन्मापासून मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, संडे स्कूल घेणाऱ्या. धाकटी जाऊ लग्नानंतर ख्रिस्ती विश्वासात आली. बायकांच्या प्रार्थनासभेत ती नुसती डोळे मिटून बसायची. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच तिनं मोठ्यानं प्रार्थना केली. नळाच्या पाण्यावरून जिच्याशी अबोला होता, त्याच शेजारणीच्या ऑपरेशनसाठी केली. सभा सुटल्यावर ताई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "बघा गं, आमची मुकी बोलायला लागली!" बायका हसल्या. तेव्हापासून जाऊ पुन्हा गप्प. ताई विचारतात: मी कौतुकच केलं ना, मग बिघडलं कुठं? तोंडावर स्तुती केली की माणूस फुगतं म्हणतात, तर आता काही बोलूच नको का? की पाळकसाहेबांना सांगून रविवारी तिची साक्ष ठेवू, म्हणजे सगळ्यांपुढं ती आपला अनुभव सांगेल?

जय ख्रिस्त ताई,

तुमच्या मनात वाईट नव्हतं, हे मला पटतं. पण तिच्या कानावर कौतुक पडलंच नाही, 'मुकी' तेवढं पडलं. आणि जिच्याशी बोलणं टाकलं होतं तिच्यासाठी तिनं प्रार्थना केली, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मला विचाराल तर आवाज फुटण्यापेक्षा ते कितीतरी मोठं. वर्षानुवर्षं पुढच्या बाकावर बसणाऱ्यांनाही ते जमत नाही.

'आधी अशी होतीस, आता अशी झालीस' म्हटलं की बोलणारी परीक्षक होऊन बसते. त्यातून तुम्ही थोरल्या जाऊबाई. भाजीतलं मीठ कमी-जास्त झालं ते तुम्हीच सांगणार, आणि आता प्रार्थनेलाही मार्क देणार! कोण बोलेल मग?

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा अकरावा अध्याय काढा. अंत्युखिया शहरात परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेले, लोक विश्वास ठेवू लागल्याची बातमी यरुशलेमेत पोचते, आणि तिथली मंडळी आपल्यातल्या बर्णबाला तिकडं पाठवते. तपासणीलाच गेल्यासारखा गेला असता, तर काढायला चुका पुष्कळ सापडल्या असत्या. पण देवाची कृपा पाहून त्याला आनंद झाला, असं त्या पुस्तकाचा लेखक लूक लिहितो. बोध त्यानं नंतर केला.

पत्राच्या शेवटी तुम्ही हळूच लिहिलंय, की तिची प्रार्थना ऐकताना 'मला इतक्या वर्षांत असं कधी सुचलं नाही' असं मनात येऊन गेलं. ती चेष्टा तिथूनच आली असावी. त्यात दडवण्यासारखं काही नाही, पण ते प्रभूपुढं नावानिशी मांडा. बर्णबानं शौलाला, म्हणजेच पुढच्या पौलाला, तार्साहून शोधून आणलं. सुरुवातीला नावं 'बर्णबा व शौल' अशी येतात, आणि तेराव्या अध्यायात बघता बघता 'पौल व बर्णबा' होतात. आणलेला माणूस पुढं गेला, तरी बर्णबा कुरकुरल्याचं कुठं लिहिलेलं नाही. (पुढं दोघांचं चांगलंच वाजलं, पण ते अर्ध्यातून परतलेल्या मार्क नावाच्या सोबत्यावरून. तिथंही बर्णबा मागं पडलेल्याच्याच बाजूनं उभा राहिला.)

फुगण्याचं म्हणाल, तर पौलाची पत्रं बघा. करिंथच्या मंडळीत गट पडलेले, भाऊ भावाला कोर्टात खेचतोय, तरी पत्राच्या सुरुवातीलाच तो त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानतो, आणि ते त्यांना कळवतो. श्रेय देवाकडं जातं, पण माणसालाही समजतं की आपल्यातलं काम कुणीतरी पाहिलंय. आपल्याकडं तोंडावर चांगलं न बोलण्याची जी रीत आहे, तिच्यापायी कितीतरी विश्वासणारे आपण वाढतोय की नाही याच शंकेत राहतात.

तेव्हा बोला. पण एकटीला गाठून, स्वयंपाकघरात भांडी लावताना वगैरे. "त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं. तू तिच्यासाठी प्रार्थना केलीस ना, तेव्हा मी मनात देवाचे आभार मानले." एवढंच. मागोमाग बायबलचं वचन नको, 'अशीच वाढत जा' नको. नंतर कधीतरी स्वतःची एखादी खरी अडचण तिला सांगा आणि माझ्यासाठी प्रार्थना कर म्हणा. थोरल्या जावेनं असं मागितलं, तर ते तिला कुठल्याही शाबासकीपेक्षा जास्त पोचेल.

साक्षीचं मात्र आत्ता काढू नका. ती साक्ष दिली तर शेजारणीचं नाव आणि नळाचं भांडण सगळ्या मंडळीपुढं येणार, आणि त्या बाईचे टाके अजून ओले असतील. जाऊ आपणहून म्हणाली, तर पाळकसाहेबांकडं तिलाच जाऊ द्या.

तुमची,
ताई